गेममध्ये विरळ हवा कशी उतरवायची: उंची, सराव आणि उशिरा उठणारी डोकेदुखी

डोंगर असलेल्या बऱ्याच गेममध्ये उंचीचा हिशोब एका ओळीत उरकलेला असतो. अमुक मीटरच्या वर गेलं की स्टॅमिना घटतो, खाली आलं की भरतो. ही ओळ लिहायला फार वेळ लागत नाही आणि खेळणाऱ्याच्याही ती लगेच लक्षात येते. मग उंची म्हणजे त्याच्या लेखी नुसती एक पट्टी उरते: औषधाची बाटली प्यायची आणि ओलांडायची. खऱ्या डोंगरात मात्र एकाच उंचीवर एक जण निवांत दोर गुंडाळत बसलेला असतो आणि शेजारच्या तंबूत दुसरा डोकं धरून पडलेला असतो. दोघांची उंची तीच. तिथवर पोचायला कुणी किती दिवस घेतले, हे वेगळं.

म्हणून एका आकड्यावर भागणार नाही, दोन लागतील. पात्र आत्ता किती उंचीवर आहे, हा पहिला. त्याचं शरीर किती उंचीला सरावलंय, हा दुसरा. पहिला फ्रेमगणिक बदलतो, दुसरा दिवसांच्या चालीनं मागून येतो. या दोहोंमधलं अंतर खेळणाऱ्याला जाणवलं पाहिजे. बाकीची सगळी गणितं त्यासाठीच. व्हेरिएबल म्हणजे काय आणि दर फ्रेमला कोड कसा चालतो एवढं माहीत असलं तरी पुरे. शरीरशास्त्र वाटेत येईल तसं बघू.

पायरी १: नकाशावरून उंची, उंचीवरून दाब

गेममधले डोंगर खऱ्यापेक्षा बरेच ठेंगणे असतात. नकाशावर आठशे मीटरचं शिखर खेळताना प्रचंड वाटतं, पण शरीराच्या हिशोबात ते काहीच नाही. त्यामुळे आधी एक रूपांतर ठेवा:

उंची = पायथ्याची उंची + नकाशावरची उंची × गुणक

यापुढे सगळीकडे हीच रूपांतरित उंची वापरा. नकाशाचा आकार नंतर बदलला, तर फक्त गुणक बदलावा लागेल.

आता दाब. वर गेल्यावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण घटतं, असं अनेकांना वाटतं. ते घटत नाही. समुद्रकाठी आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर ते सारखंच, २०.९ टक्के असतं. कमी होतो तो हवेचा दाब. उंच डोंगरांसाठी जॉन वेस्ट या शरीरशास्त्रज्ञाचं सूत्र सोयीचं आहे:

दाब = एक्स्प(६.६३२६८ − ०.१११२ × उं − ०.००१४९ × उं²)

‘एक्स्प’ म्हणजे ‘ई’ या गणिती संख्येचा कंसातल्या आकड्याइतका घात; बहुतेक भाषांत तो exp नावानं तयार मिळतो. ‘उं’ म्हणजे उंची, ती किलोमीटरमध्ये द्यायची, उत्तर मिलिमीटर पाऱ्यात मिळतं. समुद्रसपाटीला जवळपास ७६०, साडेपाच किलोमीटरला ३९४, ८.८४८ किलोमीटरला २५३. एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ च्या एका मोहिमेत प्रत्यक्ष मोजलेला दाबही २५३ भरला होता. विमानवाल्यांचं प्रमाण वातावरणाचं सूत्र घेतलंत, तर तिथे २३६ च्या आसपास येतं, कारण विषुववृत्ताकडे हवेचा थर जास्त जाड असतो आणि ते सूत्र हे धरत नाही. सतरा मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण त्या उंचीवर जिवंत राहणं आणि न राहणं यांत तेवढंच अंतर असू शकतं.

पायरी २: दाबापासून रक्तापर्यंत

नाकातून आत गेलेली हवा ओली होते आणि त्या वाफेचा दाब ४७ असतो. तो आधी वजा करायचा:

श्वासातला ऑक्सिजन = ०.२०९ × (दाब − ४७)

फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचेतो त्यातला काही हिस्सा कार्बन डायऑक्साइडमुळे कमी होतो:

फुफ्फुसातला ऑक्सिजन = श्वासातला ऑक्सिजन − कार्बन ÷ ०.८

इथे ‘कार्बन’ म्हणजे शरीरातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब. सपाटीवरच्या निरोगी माणसात तो ४० असतो. हाच आकडा पुढे सगळ्यात कामाचा ठरणार आहे. फुफ्फुसातल्या ऑक्सिजनला ‘प’ म्हणू आणि त्यावरून रक्तातली पातळी काढू, म्हणजे रक्त ऑक्सिजननं किती टक्के भरलंय ते. हे १९७९ मधलं सेव्हरिंगहाउस यांचं सूत्र:

पातळी = १ ÷ (२३४०० ÷ (प³ + १५० × प) + १)

‘प’ १०० असेल तर पातळी ९८ टक्के, ६० ला ९१, ४० ला ७५, २७ ला ५०. हे आकडे आलेखावर मांडून एकदा डोळ्यांनी बघाच. सुरुवातीला वक्र जवळजवळ आडवा असतो आणि पुढे एकदम कोसळतो. दर शंभर मीटरला अमुक टक्के दंड लावणारे गेम खोटे वाटतात ते याचमुळे. शरीर बराच वेळ काही कळू देत नाही, आणि मग थोड्याशा चढातही खूप काही जातं.

आता एव्हरेस्टच्या माथ्यावरचे आकडे घाला. श्वासातला ऑक्सिजन ४३ येतो. कार्बन ४० ठेवलात तर ४३ − ५०, म्हणजे उत्तर शून्याच्याही खाली. तरी माणसं तिथे ऑक्सिजनशिवाय उभी राहिली आहेत. ती जगतात कारण प्रचंड वेगानं श्वास घेऊन कार्बन बाहेर टाकतात. १९८१ च्या त्याच मोहिमेत माथ्यावर हा आकडा ७.५ भरला. तो घालून बघा: ‘प’ होतो ३३.६ आणि पातळी ६५ टक्के. गेममध्ये सराव मोजायची जागा हीच.

पायरी ३: सरावलेली उंची

पूर्ण सरावलेल्या शरीराचा कार्बन उंचीप्रमाणे कसा उतरतो, याचा तक्ता कोडमध्ये ठेवा: ० मीटरला ४०, २००० ला ३६, ४००० ला २९, ६००० ला २०, ८००० ला ११, ८८४८ ला ७.५. मधल्या उंचींसाठी सरळ रेषेनं जोडा. शेवटचा आकडा मोजलेला आहे, मधले गेमपुरते बसवलेले आहेत. नवख्या माणसाचाही श्वास लगेच थोडा वाढतो, पण मूत्रपिंडांनी रक्तातला अल्कलीपणा काढून टाकेपर्यंत शरीरच त्याला लगाम घालतं. म्हणून नवख्याला या घसरणीचा निम्माच वाटा द्या. म्हणजे ४००० मीटरवर सरावलेल्याचा कार्बन २९ असेल तर नवख्याचा ३४.५.

मधल्या अवस्थेतला माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. कुठे, ते ठरवायला:

वाटा = सराव ÷ लहान(उंची, ५५००)

‘लहान’ म्हणजे कंसातल्या दोहोंपैकी छोटा आकडा. हा वाटा १ च्या वर जाऊ देऊ नका आणि उंची शून्य असताना भागाकार टाळा. मग कार्बन = नवख्याचा + वाटा × (सरावलेल्याचा − नवख्याचा).

तपासून बघा. ४००० मीटरवर नवख्याची पातळी ८२ टक्के येते, सरावलेल्याची ८७. ५५०० वर नवख्याची ६५, सरावलेल्याची ८०. तक्त्याला हात लावला की हे चार आकडे पुन्हा काढायचे, एवढी शिस्त ठेवा.

आता खुद्द ‘सराव’ कसा बदलतो:

सराव = लक्ष्य + (सराव − लक्ष्य) × एक्स्प(−काळ ÷ ७२)

लक्ष्य म्हणजे सध्याची उंची, पण ५५०० च्या वर नाही. काळ गेममधल्या तासांत. ७२ तासांत अंतराचा ६३ टक्के भाग भरून निघतो, आठवडा-दहा दिवसांत बहुतेक सगळा. खाली उतरताना ७२ च्या जागी २४० घाला. कमावलेला सराव दोन-तीन आठवडे हळूहळू ओसरत राहतो.

नवशिक्यांचा कोड इथे हमखास बिघडतो. ‘सराव += (लक्ष्य − सराव) × वेग × काळ’ असं साधं रूप लिहिलं तर फ्रेमच्या लहान काळात ते बरोबर चालतं. पण पात्र आठ तास झोपलं, वेळ एकदम पुढे सरकली, की आकडा चुकतो; उडी फार मोठी असेल तर लक्ष्याच्या पलीकडेही जातो. घातांकाचं रूप एका फ्रेमला आणि आठ तासांच्या झोपेला सारखंच बरोबर उत्तर देतं.

रक्ताचं काय, असं कुणी विचारेल. उंचीवर पोचल्यापासून काही तासांत एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी बनवायला लावणारं संप्रेरक, वाढतं, पण तांबड्या पेशींची संख्या खरोखर वाढायला आठवडे लागतात. तुमचा गेम एका मोहिमेपुरता असेल तर हे सोडून द्या. महिनोन्‌महिने चालणारी वस्ती वसवायची असेल तर वीस-पंचवीस दिवसांच्या चालीचा दुसरा सराव ठेवा.

साडेपाच हजारांच्या वर वेगळाच नियम हवा. तिथे शरीर सरावत नाही, झिजतं. पेरूमधलं ला रिंकोनाडा हे सोन्याच्या खाणीचं गाव साधारण ५१०० मीटरवर आहे आणि कायमची मानवी वस्ती जवळपास तिथेच संपते. ‘कस’ नावाचा एक आकडा १०० पासून सुरू करा. ५५०० च्या वर तो दिवसाला एक-दोननं आणि ८००० च्या वर तासाला तेवढ्यानं घटवा. भूक, झोप आणि जखमा भरणं याच आकड्याला जोडलंत तर वरच्या छावणीत मुक्काम लांबवणं आपोआप महाग पडतं.

पायरी ४: त्रास, जो उशिरा येतो

उंचीचा त्रास पोचल्याबरोबर होत नाही. सहा ते बारा तासांनी होतो. माणूस दुपारी पोचतो, फोटो काढतो, ‘मला तर काहीच होत नाही’ म्हणतो आणि रात्री डोकं ठणकायला लागतं. एवढं नाट्य तयार हातात असताना गेम ते वाया घालवतात, कारण त्यांनी दंड थेट उंचीला जोडलेला असतो.

डॉक्टर यासाठी लेक लुईस गुणपद्धत वापरतात. डोकेदुखी, पोटाची तक्रार, थकवा आणि चक्कर, प्रत्येकी ० ते ३ गुण. डोकेदुखीसकट ३ किंवा अधिक गुण झाले की उंचीचा त्रास म्हणायचा. ६ पासून मध्यम, १० पासून तीव्र. पूर्वी यात झोपेचाही प्रश्न होता, २०१८ च्या सुधारणेत तो काढला. हीच ० ते १२ ची पट्टी उचलू:

त्रासाचं लक्ष्य = (उंची − सराव − १५००) ÷ ५०० × प्रकृती

हे ० ते १२ मध्ये बांधा आणि ‘त्रास’ हा आकडा त्याकडे आठ तासांच्या चालीनं सरकवा, सूत्र वरचंच.

१५०० कुठून आले? गिर्यारोहकांसाठीची वैद्यकीय सूचना अशी, की ३००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. आपला सराव तीन दिवसांच्या चालीनं मागून येतो. रोज ५०० नं चढत राहिलं तर तो ३ × ५०० म्हणजे १५०० मीटर मागे राहून स्थिरावतो. सूचना पाळणारा खेळाडू बरोबर उंबरठ्यावर चालतो आणि थांब्याच्या दिवशी त्याला सवड मिळते. नियम स्क्रीनवर लिहून दाखवायची गरज उरत नाही.

‘प्रकृती’ हा प्रत्येक पात्राचा ०.५ ते १.५ मधला गुणक, पात्र तयार होताना एकदाच फासा टाकून ठरलेला. तो खेळाडूला दाखवू नका, आणि ताकद किंवा फिटनेस यांच्याशी तर मुळीच जोडू नका. तगडा धावपटू आडवा होतो आणि लेचापेचा वाटणारा ठणठणीत राहतो, असं खरंच घडतं. उलट तगडा माणूस भराभर चढतो म्हणून जास्त अडकतो.

समुद्रकाठून थेट ३५०० मीटरवर आणलेलं, १.३ प्रकृतीचं पात्र डिबग खिडकीत असं दिसेल: पोचताना त्रास ०, चार तासांनी १.९, बारा तासांनी ३.४, चोवीस तासांनी ३.१, अठ्ठेचाळीस तासांनी १.३. रात्र वाईट, दुसरा दिवस जड, तिसऱ्या दिवशी हसू. ज्याची प्रकृती १ आहे त्याचा त्रास २.६ च्या आसपास जाऊन उतरतो, म्हणजे थोडक्यात निभावतो. एकाच गाडीतून उतरलेल्या दोन साथीदारांचं असं वेगळं होणं खेळाडूच्या नजरेतून सुटत नाही.

‘वर चढा, खाली झोपा’ हा गिर्यारोहकांचा जुना नियम वेगळा लिहावा लागत नाही. तीन तासांसाठी हजार मीटर वर जाऊन आलं तर आठ तासांच्या चालीमुळे त्रास जेमतेम अर्ध्या गुणानं वाढतो. तिथेच झोपलं की पूर्ण हिशोब चुकवावा लागतो.

फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्याचे जीवघेणे प्रकार वेगळे हाताळा. त्रास ८ च्या वर बराच काळ राहिला तर मेंदूचा धोका सुरू करा. त्याचं ठळक लक्षण म्हणजे तोल जाणं, आणि गेममध्ये ते दाखवायला कंट्रोलइतकी चांगली जागा नाही: स्टिक सरळ धरली तरी पात्र किंचित बाजूला जातं. फुफ्फुसाचा प्रकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री गाठतो, आधी डोकं दुखलंच पाहिजे असं नाही, आणि थंडी व श्रम त्याला खतपाणी घालतात. बसल्या जागी दम लागणं ही त्याची खूण. दोन्हींवर खरा उपाय खाली उतरणं. बाटलीनं बरं होण्याची सोय ठेवलीत तर वरची सगळी मेहनत फुकट.

पायरी ५: दम आणि शुद्ध

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शरीराची कमाल ताकद १५०० मीटरनंतर दर शंभर मीटरला साधारण एक टक्का घटते. ५५०० ला ६० टक्के उरते, एव्हरेस्टवर पाव भागाच्या थोडी वर. सरावानं ही फारशी परत येत नाही. सरावानं सुधारतो तो टिकाव आणि दम भरून येण्याचा वेग. म्हणून स्टॅमिनाची कमाल उंचीवरून काढा आणि भरण्याचा वेग रक्तातल्या पातळीवरून. सरावलेलं पात्रही माथ्याजवळ पळू शकणार नाही, पण दर चार पावलांनी थांबून पुढे सरकत राहील.

शुद्धीसाठी पातळीचा उंबरठा लागतो. ५० टक्क्यांच्या खाली घड्याळ सुरू करा. तपासायला इतिहासानं दोन उत्तम नमुने दिलेत. १५ एप्रिल १८७५ ला ‘झेनिथ’ बलूनमधून तिघे फ्रेंच ८००० मीटरच्या वर गेले. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल मेले, गास्तों तिसांदिए वाचला. ऑक्सिजनच्या पिशव्या सोबत होत्या, पण नळीकडे हात उचलेना. ८ मे १९७८ ला राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर एव्हरेस्टवर ऑक्सिजनशिवाय चढले आणि उतरलेही. तुमच्या मॉडेलमध्ये एव्हरेस्टच्या उंचीवर सराव ० ठेवला तर पातळी १६ टक्क्यांच्या आसपास पडते, ५५०० ठेवला तर ६५. पहिला पडला आणि दुसरा चालला तर मॉडेल बरोबर. तिसांदिएनं नंतर लिहिलं की त्या अवस्थेत वेदना होत नाही, उलट आनंद वाटतो. तेव्हा पातळी कोसळताना पडदा लाल करून भोंगा वाजवू नका. संगीत थोडं हलकं करा, सूचना मंद करा आणि बटणाला प्रतिसाद उशिरा द्या.

पायरी ६: खेळाडूला कळवायचं कसं

आकडे लपवा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सामानात असेल तेव्हाच पातळी दिसू द्या. बाकी काम आवाजावर सोपवा, आणि त्यासाठीचं गणित तयार आहे: श्वासाचा एकूण पसारा ४० ÷ कार्बन या पटीनं वाढतो. माथ्यावर ही पट पाचाच्या वर जाते. त्यातला काही भाग खोलीत जातो, काही वेगात, म्हणून वेगाला वर्गमूळ लावा. मिनिटाला १२ श्वास असतील तर माथ्यावर २८ च्या आसपास. झोपेत काही श्वास, मग शांतता, मग एकदम मोठा श्वास, असा आवाज ठेवा. उंचावरची झोप खरंच अशी तुटक असते, आणि पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. पडद्याच्या कडा काळवंडणं जपून वापरा आणि सेटिंगमध्ये बंद करता येऊ द्या. काहींना त्यानंच मळमळतं.

थंडी आणि स्वयंपाक यांवर फार वेळ घालवू नका. हजार मीटरला ६.५ अंश थंडी वाढवा, पाण्याचा उत्कलनबिंदू दर तीनशे मीटरला एक अंशानं उतरवा. पुरे.

ऑक्सिजनचं नळकांडं म्हणजे ०.२०९ च्या जागी मोठा आकडा. एव्हरेस्टवर ०.३० घातलं तर श्वासातला ऑक्सिजन ६२ च्या जवळ येतो, म्हणजे शरीराला आपण ६६०० मीटरवर आहोत असं वाटतं. ही भासमान उंची काढून सराव, त्रास आणि स्टॅमिना सगळीकडे तीच द्या. नळकांडं संपलं की ती एका फ्रेममध्ये बावीसशे मीटर उडी मारते. त्या क्षणासाठी वेगळं काही लिहायला नको. अॅसिटाझोलामाइडची गोळी ठेवायची असेल तर ७२ चे ४८ करा. ती सराव लवकर घडवते, त्रास झाकत नाही.

शेवटी वेळेचं. सगळी गणितं गेममधल्या तासांत आहेत, तेव्हा खेळ वेगवान करायचा तर दिवस छोटा करा. ७२ आणि ८ यांचं प्रमाण मोडू नका, नाहीतर त्रास सरावाच्याही मागे पडतो. जलद प्रवासाची सोय असेल तर तिला माफी देऊ नका. वर पोचवा, घड्याळ पुढे सरकवा आणि रात्र होऊ द्या. सोपी पातळी हवी असेल तर १५०० चे २००० करा; प्रकृतीच्या गुणकाला हात लावू नका. सेव्ह फाइलमध्ये सराव, त्रास, कस आणि प्रकृती हे चारही आकडे जातात ना, तेही बघा. प्रकृती राहून गेली तर लोड केल्यावर नवा फासा पडतो, आणि कुणीतरी बरं होईपर्यंत लोड करत बसतं.